‘काही आढळलं नाही’: ॲकरलॉफचा निबंध आणि जुनी आलिशान गाडी

या मालिकेत आपण दर वेळी एखादं पुस्तक किंवा निबंध घेऊन त्याची चिकित्सा करतो. आजचा निबंध अवघा तेरा पानांचा आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा ‘द मार्केट फॉर लेमन्स’. १९७० मध्ये तो ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये छापून आला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. त्यातल्या दोघांना तो फारच किरकोळ वाटला. पुढे २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांच्याबरोबर ॲकरलॉफना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच धाग्यावरच्या कामासाठी.

लेमन म्हणजे लिंबू. अमेरिकेत बोलीभाषेत, घेतल्यापासून सतत गॅरेजात पडून असलेल्या गाडीला लिंबू म्हणतात. आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, तिकडे गाडीच लिंबू निघते!

आता तुमच्यापैकी निम्मे लोक निबंधासाठी नाही, शीर्षकातल्या गाडीसाठी आलेत, हे मला दिसतंय. काही हरकत नाही. मीही दोन्हीसाठीच आले आहे. गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीतल्या निवृत्त मंडळींमध्ये एक नवी इच्छा दिसते. आयुष्यभर साधी गाडी चालवली, आता एकदा मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू घ्यायची. आणि दहा वर्षं जुनी आलिशान सेडान आज नव्या मध्यम गाडीच्या किमतीत मिळते. मोह पडण्यासारखाच सौदा आहे. पण एक गोष्ट लोक विसरतात. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. साठ लाखांची गाडी तुम्ही बारा लाखांना घेतलीत, तरी तिचा गिअरबॉक्स साठ लाखांच्याच गाडीचा असतो. एक मोठी दुरुस्ती निघाली की प्रॉव्हिडंट फंडातला लचका जातो, आणि तो पुन्हा भरून काढायला नोकरी राहिलेली नसते. म्हणून ‘ही गाडी भरवशाची आहे का?’ हा प्रश्न मी गंभीर मानते. तो ज्ञानमीमांसेचाच प्रश्न आहे.

आधी ॲकरलॉफ काय म्हणतात ते पाहू. बाजारात चांगल्या आणि वाईट, दोन्ही तऱ्हेच्या जुन्या गाड्या आहेत. विकणाऱ्याला आपली गाडी कोणत्या जातीची ते माहीत आहे. घेणाऱ्याला नाही. मग घेणारा काय करतो? सरासरी धरून किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली गाडी विकणं तिच्या मालकाला परवडत नाही, तो ती घरीच ठेवतो. उरलेल्यांची सरासरी आणखी घसरते, म्हणून किंमतही घसरते, मग थोड्या बऱ्या गाड्याही बाजारातून जातात. असं करत करत बाजारात लिंबंच उरतात. खोटं नाणं खऱ्याला बाजारातून हुसकावतं हा ग्रेशमचा नियम तुम्ही ऐकला असेल. ॲकरलॉफ त्याची आठवण काढतात आणि फरकही सांगतात: नाण्यांच्या बाबतीत देणारा आणि घेणारा दोघांनाही खरं-खोटं ओळखता येतं, गाडीच्या बाबतीत एकालाच. सगळा निबंध या ‘एकालाच’वर उभा आहे.

माझी पहिली हरकत इथेच आहे. विकणाऱ्याला खरंच माहीत असतं का?

आपल्याकडच्या आलिशान सेडानचा प्रवास कसा होतो ते बघा. पहिली तीन-चार वर्षं ती एखाद्या कंपनीच्या नावावर. साहेब मागच्या सीटवर, फोनवर. गाडी सकाळी चालू करताना पुढून कसला आवाज येतो हे माहीत कोणाला, तर ड्रायव्हरला. आणि ड्रायव्हर केव्हाच दुसरीकडे लागलेला. मग गाडी डीलरकडे, तिथून दुसऱ्या मालकाकडे, कधी दुसऱ्या राज्यात, मग पुन्हा डीलरकडे. तुमच्यासमोर उभा असलेला विकणारा त्या गाडीला जेमतेम पंधरा दिवस ओळखतो. त्याचं अज्ञान तुमच्याइतकंच खरं असतं.

एक उदाहरण देते. बीएमडब्ल्यूचं एन४७ नावाचं दोन लिटरचं डिझेल इंजिन २००७ पासून अनेक मॉडेलांत आलं, आपल्याकडच्या ५२०डीमध्येही. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलेली आहे. ही चेन झिजण्याच्या आणि तुटण्याच्या तक्रारी अनेक देशांत गाजल्या. चेन पुढे असती तर बदलणं सोपं; मागे असल्यामुळे गिअरबॉक्स तरी उतरवा नाहीतर इंजिन तरी बाहेर काढा. आता अशा गाडीच्या मालकाला विचारा, चेन कशी आहे हो? चेन मागे असते हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं. तो ‘एकदम ओके’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. त्याला न माहीत असलेली गोष्ट तो आत्मविश्वासाने सांगतो, एवढंच.

ॲकरलॉफच्या गृहीतकाचा एक वाईट परिणाम आपल्या डोक्यावर झालाय. ज्ञान विकणाऱ्याकडे आहे असं एकदा मानलं की आपण गाडीऐवजी माणूस तपासायला लागतो. जाहिराती वाचा. ‘डॉक्टरांची गाडी’, ‘सिंगल ओनर’, ‘फॅमिली युज’. डॉक्टरांची गाडी म्हणजे काय? डॉक्टर सज्जन, म्हणून गिअरबॉक्स सज्जन? याला आपल्याकडे हेत्वाभास म्हणतात. हेतूसारखा दिसतो, पण हेतू नव्हे. उलट, हॉस्पिटलपर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या डिझेल गाडीचा पार्टिक्युलेट फिल्टर कधी नीट तापतच नाही, आणि काजळीने तुंबतो. सज्जन माणसाच्या हातूनही.

आता निबंधातली माझी आवडती जागा. त्यात भारत आहे. ॲकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. अप्रामाणिकपणाची समाजाला किती किंमत मोजावी लागते हे सांगताना ते भारतीय गृहिणीचं उदाहरण देतात. बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि तिला ते वेचत बसावं लागतं. वर्णन खरं आहे. माझ्या वयाच्या लोकांना रेशनचा तांदूळ आठवत असेल. पण ॲकरलॉफना तिथे फक्त वाया गेलेले श्रम दिसले. ती बाई काय करते आहे हे त्यांनी पाहिलं नाही. मराठीत आपण ‘तांदूळ निवडणे’ म्हणतो, आणि ‘निवडणे’ म्हणजे पसंत करणेही. साफ करणं आणि पसंत करणं, दोन्हींना एकच शब्द. माझी आजी तांदूळ निवडताना ताट उजेडाच्या बाजूला धरायची, मूठ-मूठ घेऊन पातळ पसरायची, आणि दिवेलागणीनंतर कोणाला निवडायला बसू द्यायची नाही. का? कारण अंधारात ‘खडा दिसला नाही’ याला काही अर्थ नसतो. खडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती ती आधी तयार करायची.

हेच आपल्या परंपरेत फार काटेकोरपणे मांडलं गेलंय. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत अनुपलब्धी हे स्वतंत्र, सहावं प्रमाण. जमिनीवर घडा नाही हे ज्ञान कसं झालं? घडा न दिसण्यातून. नैयायिक म्हणतात, यासाठी वेगळं प्रमाण कशाला, प्रत्यक्षच पुरेल. तो वाद मोठा आहे, आज त्यात शिरत नाही. पण एका अटीवर दोघेही ठाम आहेत. न दिसणं ‘योग्य’ हवं. म्हणजे ती वस्तू तिथे असती तर नक्की दिसली असती, असं असलं पाहिजे. उजेडात घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. पिशाच दिसत नाही, पण ते दिसण्याजोगंच मानलेलं नसल्यामुळे, न दिसण्यावरून ते नाही असंही म्हणता येत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्याला नेमकं काय जाणून घ्यायचं असतं? दोषाचा अभाव. गाडीत मोठा दोष ‘नाही’ हे त्याला हवंय. त्यामुळे त्याचं सगळं ज्ञान अनुपलब्धीचं असतं, आणि योग्यतेची अट मोडली की सगळंच कोसळतं.

अगदी सोपं बघा. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागलेला नाही. छान. पण चावी फिरवल्यावर तो दिवा आधी लागून मग विझला का? आधी लागलाच नसेल, तर कोणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. न लागणारा दिवा विझलेला आहे याला काय किंमत?

किंवा थंड इंजिन. टायमिंग चेनचा खुळखुळाट बहुतेक वेळा रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्यांदा चालू करताना, सुरुवातीच्या काही सेकंदांत ऐकू येतो. इंजिन गरम झालं, तेल वर चढलं, की गप्प. माझा भाचा एक जर्मन सेडान बघायला सकाळी अकराला गेला. विकणारा अतिशय अगत्यशील. म्हणाला, तुम्ही येणार म्हणून एसी लावून ठेवलाय. भाच्याने बॉनेटवर हात ठेवला, तर चटका बसेल इतकं गरम. त्याने विचारलं, उद्या सात वाजता येतो, तोपर्यंत चालू करू नका, चालेल? उत्तर आलं, उद्या दुसरं गिऱ्हाईक आहे. भाचा परत आला. त्या गाडीत दोष होता की नाही हे आम्हाला आजही माहीत नाही. गरम बॉनेटवरून दोष सिद्ध होत नाही. पण अगत्य असो की कावा, परिणाम एकच: भाचा अंधारात तांदूळ निवडत होता.

एअर सस्पेन्शनचंही तसंच. मर्सिडीजच्या एस-क्लाससारख्या गाड्यांत स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात. फुगा गळत असेल तर गाडी रात्रीतून एका कोपऱ्यात बसते. इंजिन चालू केलं की कॉम्प्रेसर तिला पुन्हा उचलतो. म्हणजे गाडी चालू होण्याआधी लांबून बघितली तरच कळणार. चालू गाडी कितीही निरखा, ती ताठ उभी.

स्कॅनर लावून ‘एकही फॉल्ट कोड नाही’ असं दाखवतात, त्यावर लोक फार विश्वास ठेवतात. कोड पुसायला मिनिटही लागत नाही. पण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या काही चाचण्या पुन्हा ‘अपूर्ण’ होतात, आणि त्या पूर्ण व्हायला गाडी काही काळ वेगवेगळ्या तऱ्हेने चालवावी लागते. त्याच स्कॅनरवर हे दिसतं. म्हणून कोड आहेत का, हे नंतर विचारा. आधी विचारा, चाचण्या पूर्ण आहेत का? अपूर्ण असतील तर ते मौन आहे, निर्दोषत्व नाही.

पत्र्यावर लोहचुंबक लावून पुट्टी शोधणारे काकाही असतात. चुंबक चिकटलं नाही तर खाली पुट्टी भरलेली, असा त्यांचा नियम. मारुतीवर तो बरा चालतो. ऑडी ए८ किंवा २००३ नंतरच्या जॅग्वार एक्सजेची बॉडी ॲल्युमिनियमची आहे. तिथे चुंबक चिकटतच नाही, गाडी कोरी असो की तीनदा ठोकलेली. फक्त लोखंडावर चालणारं रंगाच्या जाडीचं मीटरही तिथे मुकं होतं. साधन बरोबर, वस्तू चुकीची.

आता तपासणी अहवालांकडे येते. दोनशे मुद्द्यांचा, त्याहूनही जास्त मुद्द्यांचा अहवाल हल्ली गाडीबरोबर मिळतो. रंगीत, टापटीप. असे चार-पाच अहवाल मी जमवून नीट वाचले, एखादा प्रबंध तपासावा तसे. त्यांची खोट आकड्यात नाही, रकान्यांत आहे. प्रत्येक मुद्द्यापुढे दोन शक्यता: ठीक, किंवा दोष. तिसरा रकानाच नाही. ‘तपासता आलं नाही’ हा तो रकाना. इंजिन आधीच गरम होतं, म्हणून चेनबद्दल सांगता येत नाही. गाडी लिफ्टवर घेतली नाही, म्हणून खालचं तेल बघितलं नाही. गालिचा उचलू दिला नाही, म्हणून पाणी शिरलं होतं का ते माहीत नाही. ही सगळी वाक्यं ‘ठीक’मध्ये जमा होतात. अज्ञानाची बेरीज होऊन ज्ञान तयार होतं! माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी प्रबंध परत पाठवला असता.

गालिच्याचं बोलले म्हणून सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर किती भिजलेल्या गाड्या वाळवून विकल्या गेल्या हे मुंबईकरांना विचारा. आलिशान गाडीत हा धोका वाढतो, कारण तिचे कितीतरी कंट्रोल युनिट सीटखाली, गालिच्याखाली, डिकीच्या तळाशी असतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का बघायची, स्टेपनीची खोळ बघायची. वास घेऊ नका, वास शॅम्पूने जातो.

मग विश्वास कोणावर ठेवायचा? शब्दप्रमाणाचा हा प्रश्न. न्यायसूत्रांवर भाष्य करताना वात्स्यायनांनी आप्त कोण ते सांगितलंय: ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. पुढे ते म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ सगळ्यांना सारखंच लागू. फार मोठं वाक्य आहे ते! गाडीच्या बाबतीत ही दोन अंगं वेगळ्या माणसांत विभागली गेली आहेत. अहवालवाल्याला कदाचित सांगायची इच्छा आहे, पण त्याने गाडी चाळीस मिनिटं पाहिली. ज्या फिटरने ती सहा वर्षं उघडली-मिटली, त्याला सगळं माहीत आहे, पण त्याला कोणी विचारत नाही. म्हणून गाडीची मूळ जॉब कार्डं मागा. ‘शोरूम मेंटेन्ड’ हा शब्द नको, कागद हवेत. ती कार्डं लिहिली गेली तेव्हा तुम्हाला पटवण्याचा कोणाचाच हेतू नव्हता. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक असल्या नकळत दिलेल्या साक्षींना फार मान देत असे. झिजलेलं ब्रेक पेडलसुद्धा तशीच साक्ष आहे: मीटर सांगतो चाळीस हजार, रबर सांगतं दीड लाख.

बरं, आप्त म्हणवणाऱ्यांतही भांडणं असतात. अनेक आलिशान गाड्यांत झेडएफ कंपनीचा आठ गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. बीएमडब्ल्यूने त्यातलं तेल ‘आयुष्यभरासाठी’ असल्याचं सांगितलं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ते बदलायला सांगते. आयुष्य म्हणजे कोणाचं आयुष्य? पहिल्या मालकाचं? वॉरंटीचं? तिसऱ्या मालकाने हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण ते आयुष्य संपल्यावर जे उरतं ते तो विकत घेतोय. विकणारा म्हणेल, सर्व्हिस सगळी वेळेवर झाली. त्याचं म्हणणं खरंही असेल, आणि गिअरबॉक्सचं तेल एकदाही बदललेलं नसेल.

अनुमानाबद्दल थोडंच बोलते, वेळ कमी आहे. ‘विम्यात पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे, म्हणजे गाडी ठोकलेली नाही.’ चूक. तो बोनस गाडीला नसतो, मालकाला असतो. आधीच्या गाडीवर कमावलेला तो या गाडीवर आणलेला असू शकतो. ‘स्वस्त आहे, म्हणजे काहीतरी गडबड आहे.’ हेही सरसकट खरं नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली, आणि धडधाकट गाड्या एका रात्रीत स्वस्त झाल्या. पुढे त्या आदेशात बदल झाले, तो भाग वेगळा. स्वस्ताई आणि दोष यांच्यामध्ये इथे तिसरीच गोष्ट शिरली, तिला नैयायिक उपाधी म्हणतात. मात्र एनओसी, इथला कर, कर्जाचा बोजा हे सगळं आधी जुळवा.

आणि सर्वांत फसवं अनुमान: ‘एक लाख किलोमीटर झाले, काही झालं नाही, म्हणजे गाडी भरवशाची.’ यंत्राच्या बाबतीत हे उलटं फिरतं. एक लाख किलोमीटर न तुटलेली चेन ही एक लाख किलोमीटर झिजलेली चेन आहे. रसेलची कोंबडी आठवा. रोज दाणे मिळाले म्हणून तिला मालकाचा भरवसा वाटत गेला.

ॲकरलॉफ उपाय म्हणून हमी, ब्रँड, साखळी दुकानं, परवाने अशा संस्था सुचवतात. पन्नासहून अधिक वर्षांनी त्या सगळ्या आपल्याकडे आल्या आहेत आणि उपयोगीही आहेत. पण त्या अविश्वासावरचा इलाज आहेत, अज्ञानावरचा नाहीत. हमीच्या कागदात मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘झीज होणारे भाग वगळून’ असं असतं, आणि दहा वर्षांच्या गाडीत झीज न होणारा भाग कोणता, ते मला कोणीतरी दाखवा.

एक प्रश्न ऑनलाइन आलाय, तो घेते. ‘विकणारा थंड गाडी दाखवायला किंवा लिफ्टवर घ्यायला तयारच नसेल तर?’ तर गाडी वाईट आहे असं म्हणू नका, ते तुम्हाला कळलेलं नाही. कळलं नाही एवढंच म्हणा, आणि न कळलेल्या गाडीची किंमत सांगा. चेन, सस्पेन्शनचे फुगे, गिअरबॉक्सचं काम, जे जे बघता आलं नाही ते सगळं करावं लागणार असं धरून त्या मॉडेलच्या चांगल्या स्वतंत्र गॅरेजकडून लेखी अंदाज घ्या, आणि तेवढी रक्कम वजा करा. तो हसेल. हसू द्या, आणि दुसरी गाडी बघायला जा, पण सकाळी सातला.

वेळ संपलीय. उरलेले प्रश्न चहाच्या वेळी घेऊ.